सरळ रांगेतले डिलबेक

बर्ल स्टॉलकपसाठी खणलेल्या कबरीत आधीच कुणीतरी झोपलेलं निघालं, ही बातमी डिलबेक खोऱ्यात खुद्द बर्लच्या मरणाच्या बातमीपेक्षा जोरात धावली. बर्ल ऐंशीला टेकलेला, दमेकरी माणूस. तो गेला यात कुणाला काय नवल वाटणार? लोकांनी हळहळ केली, कोंबड्या तळायला घेतल्या, पाईचं पीठ मळलं. पण कबरीत पाहुणा निघाला म्हटल्यावर पिठाचे हात तसेच घेऊन बायका फोनला चिकटल्या.

पहिल्यांदा ते ओळखलं ऑर्फानं. बर्लची बायको. ती कबरीच्या काठावर उभीच होती. नवऱ्याची कबर खणताना बायकोनं तिथे उभं राहू नये, असं तिची मुलगी नेल्डा सकाळपासून तिला सांगत होती. ऑर्फा म्हणाली, "त्यानं आयुष्यभर केलेलं प्रत्येक काम मी मागे उभं राहून तपासलंय. हे शेवटचं तेवढं सोडू?"

खणत होता वेंडेल, ऑर्फाच्या चुलतभावाचा मुलगा. त्या टेकडीवर कबर हातानंच खणायची, यंत्र वर येऊ द्यायचं नाही, हा ऑर्फाचा नियम. आणि ओझार्क डोंगरांतली ती जमीन म्हणजे एक फावडं मातीला दोन फावडी गारगोटी. वेंडेल घामाघूम झालेला. बाजूला उपड्या बादलीवर बर्लचा धाकटा भाऊ डॉईल बसला होता, आणि त्याचं सकाळपासून एकच चाललेलं.

"वेंडेल, तिकडे फाटकाजवळ माती मऊ आहे बघ."

"डॉईलकाका, दगड इथे उभा आहे. बर्लमामाचं नाव त्याच्यावर कोरलेलं आहे. मी फाटकाजवळ कशाला खणू?"

"नाही, म्हटलं आपली मऊ आहे."

दगड खरंच उभा होता. आमच्याकडे नवरा-बायकोचा जोडदगड आधीच करून ठेवायची पद्धत. डावीकडे बर्ल, उजवीकडे ऑर्फा, मधे दोन हात एकमेकांत गुंफलेले, आणि दोघांच्या नावाखाली शेवटची तारीख तेवढी कोरी. ऑर्फाच्या बाजूला लगेच तिच्या आईचा दगड. म्हणजे ऑर्फाची जागा आई आणि नवरा यांच्या मधोमध. त्या जागेसाठी ती अख्खा जन्म राबली होती, हे खोऱ्यात कुणालाही विचारा.

वेंडेल छातीभर खड्ड्यात गेला आणि फावडं खणकन वाजलं. गारगोटीचा आवाज वेगळा असतो. हा लोखंडाचा होता. त्यानं वाकून हातानं माती उकरली. आधी काळपट, भुसभुशीत लाकूड आलं, फळीचं. मग एक गंजकी वाटी, मुठीएवढी, तळाला चपटी. तिच्यावर दोन लोखंडी पट्ट्या आणि पट्ट्यांच्या टोकाला बिजागरी.

वेंडेलनं ती काठावर ठेवली. "हे काय आहे, आत्या? बैलगाडीचं काही आहे का?"

ऑर्फानं ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मटकन खाली बसली. नेल्डाला वाटलं, आई पण आता बर्लच्या मागोमाग निघाली.

"तो लाईज आहे," ऑर्फा म्हणाली.

डॉईल बादलीवरून उठला, टोपी काढली, परत घातली आणि गाडीकडे चालायला लागला.

*

लाईज कोण, हे सांगायचं तर टेकडीची गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगायचा हक्क खोऱ्यात एकट्या ऑर्फाचा. तिच्या तोंडची आहे तशी देतो, थोडी आखडून, कारण तिच्यासारखी सांगायची तर दुपार उलटेल.

आसा डिलबेक टेनेसीहून बैलगाडी घेऊन निघाला तो पार टेक्सासला जायला. या टेकडीच्या पायथ्याला चाक मोडलं. चाक दुरुस्त होईपर्यंत थंडी आली, आणि थंडीत त्यांचं तान्हं पोर गेलं. पोराला टेकडीवरच्या ओकखाली पुरलं. वसंतात चाक तयार झालं, बैल जुंपले, पण आसाची बायको केझाया गाडीत चढेना. "पोर इथे ठेवून मी टेक्सासात काय करू?" म्हणाली. झालं. डिलबेकांचं घर, शेत, चर्च, गिरणी, सगळं त्या एका बोटभर थडग्यामुळे इथे उभं राहिलं. माणसं आधी घर बांधतात आणि मग स्मशान शोधतात. डिलबेकांचं उलटं.

मग एकेक जण वर जात गेला. आसा स्वतःच वाढवलेल्या बैलाच्या पायाखाली. केझाया म्हातारपणानं, पण भांडत. एक फेरीवाला, नाव-गाव नसलेला, त्यांच्या ओसरीवर मेला म्हणून त्यालाही जागा दिली. दगडावर 'अनोळखी' एवढंच. आणि आसाचा धाकटा मुलगा लाईज. उत्तर-दक्षिणेच्या लढाईत त्याचा पाय गेला. गावच्या लोहारानं त्याला लाकडी पाय करून दिला, खाली लोखंडी वाटी, गुडघ्याला बिजागरी. त्या पायावर तो नाचायचा, आणि फार वाईट नाचायचा म्हणून त्याचं लग्न जमलं नाही, असं ऑर्फा सांगायची. तो पायासकट पुरला गेला. मेलेले पुन्हा उठायच्या दिवशी लंगडी घालावी लागू नये म्हणून.

दर मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सजावटीचा दिवस. पांगलेले डिलबेक कुठून कुठून येतात, थडग्यांवर फुलं ठेवतात, आणि मग झाडाखाली सगळ्यांचं जेवण. जेवणाआधी ऑर्फा या दगडापासून त्या दगडापर्यंत चालत जाणार आणि प्रत्येकाची गोष्ट सांगणार. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं उभा जन्म काढला. तिच्या डावाच्या धाकात तीन पिढ्यांनी घेवडा निमूट खाल्ला. तेव्हा ती बोलायला लागली की मोठे बाप्येही टोप्या हातात घेऊन उभे. नव्या सुनांना तर आधी टेकडीची परीक्षा, मग पाई.

शेवटचा दगड तिच्या आईचा. महाला डिलबेक. तिथे मात्र ऑर्फा गोष्ट सांगायची नाही. "ही माझी आई," एवढंच म्हणायची, आणि जेवायला चला म्हणायची.

ती न सांगितलेली गोष्ट खोऱ्यात सगळ्यांना माहीत होती. महाला तापानं गेली तेव्हा ऑर्फा सात वर्षांची. त्या काळी तापात पाणी द्यायचं नाही असं मानत. महाला दोन दिवस पाणी मागत होती आणि झेलामावशी, म्हणजे महालाची बहीण, पाणी घेऊन येणाऱ्या पोरीला दाराशीच अडवत होती. तिसऱ्या दिवशी महालानं मागणं बंद केलं.

आमच्याकडे थडग्यावर गवताची काडी ठेवायची नाही, ही जुनी रीत. सगळी टेकडी कुदळीनं तासून उघडी लाल करायची, प्रत्येकावर मातीचा उंचवटा रचायचा आणि नदीतले शिंपले त्यावर पालथे लावायचे, कासवाच्या पाठीसारखे. ऑर्फानं गोणीभर शिंपले आणले आणि आईच्या थडग्यावर सगळेच्या सगळे उताणे मांडले. झेलामावशी ओरडली, "अगं, पालथे घाल. उताण्यात पाणी साठतं."

"साठू दे," पोर म्हणाली.

संध्याकाळी मावशी पालथे करायची, सकाळी पोर उताणे करायची. शेवटी मावशी थकली. पुढे जन्मभर मावशी त्या थडग्याकडे पाहायची नाही, दुसऱ्या बाजूनं जायची. ऑर्फा मात्र दर वसंतात टेकडी तासायची, दर वसंतात शिंपले पुसून पुन्हा मांडायची.

बर्ल तिच्याशी लग्न करून आला पलीकडच्या काउंटीतून. जमीन ऑर्फाची, घर ऑर्फाचं, टेकडी ऑर्फाची. घरजावईच म्हणा ना. सजावटीच्या दिवशी लोक त्याला छेडायचे, "काय बर्ल, तुला टेकडीवर जागा मिळणार का कुंपणाबाहेर?" तो हसायचा. "ऑर्फा सांगेल तिथे पडेन." मोजून बोलणारा माणूस. हात मात्र सतत कशात तरी गुंतलेले, आणि वाकडी वस्तू दिसली की सरळ केल्याशिवाय चैन पडायचं नाही. दुसऱ्याच्या घरी गेला तरी भिंतीवरची तसबीर नीट करून यायचा.

तीस-बत्तीस वर्षांपूर्वी ऑर्फाचं पोट फाडून पित्ताशय काढलं. डॉक्टर म्हणाला, आता वाकायचं नाही, कुदळ विसरा. ती शहरातल्या इस्पितळात पडून होती आणि एकच घोर, या वर्षी टेकडी कोण तासणार. घरी आली तेव्हा बर्लनं तिला आधी टेकडीवर नेलं. उंचवटे गेलेले, सगळं सपाट, त्यावर कोवळं हिरवं गवत, आणि कललेले दगड ताठ करून सुतात उभे केलेले. मधून कापणीयंत्र सहज जाईल अशी वाट. ऑर्फा आधी रडली, मग ओरडली, आणि आईचे शिंपले कुठे आहेत म्हणाली.

"खाली आहेत गं, मातीखाली," बर्ल म्हणाला. "मी फक्त वाकडे दगड सरळ केले."

गवत काय वाईट होतं? कंबर वाचली. हळूहळू तिला ते आवडायलाही लागलं. एक गोष्ट तर फारच सोयीची झाली होती. पूर्वी गोष्टी सांगताना तिला टेकडीवर उलटसुलट फिरावं लागायचं, आसा इकडे, केझाया तिकडे, लाईज खाली कोपऱ्यात. आता उंचवट्यांची खूण नव्हती, जुन्या जागा डोळ्यांपुढून पुसल्या गेल्या होत्या, आणि एका टोकाला सुरुवात केली की दगड जसे काही तिच्या गोष्टीच्या मागोमाग येत होते. ती म्हणायची, "म्हातारपणी माझी स्मरणशक्ती सुधारली बघा."

*

"भाऊजी," ऑर्फानं हाक मारली. "डॉईलभाऊजी, गाडीत बसलात तरी मला दिसताय तुम्ही."

डॉईल उतरला. 

"लाईजचा दगड तिकडे सीडरच्या झाडाखाली आहे," ऑर्फा म्हणाली. आवाज अगदी शांत. नेल्डा म्हणते, आईचा तसा आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "मग लाईज इथे काय करतोय?"

"वहिनी, बर्लला उद्या पुरू दे, मग बोलू."

"बर्लला कुठे पुरू? लाईजच्या मांडीवर?"

वेंडेल खड्ड्यातच उभा होता, डोकं आणि खांदे तेवढे वर. बाहेर यावं की आत राहावं हे त्याला कळेना.

डॉईल बादलीवर बसला आणि खाली बघत बोलायला लागला. बर्लनं फक्त वाकडे दगड सरळ करायचे ठरवले होते, हे खरं. पण सपाट करायला ट्रॅक्टरचं पातं फिरवायचं तर दगड मधे येत. म्हणून दोघांनी मुळे उपटावेत तसे दगड उपटले आणि गवताच्या गाडीवर ओळीनं रचले. जसे टेकडीवर होते अगदी त्याच क्रमानं. बर्लचं डोकं त्या बाबतीत पक्कं. मग पातं फिरवलं. खालच्या कोपऱ्यातले उंचवटे शिंपल्यांसकट खरवडून गेले, बाकीचे मातीखाली बुडाले, खड्डे भरले, टेकडी तव्यासारखी झाली.

"मग?"

"मग मी गाडी वर ओढत होतो. गिअर सुटला."

"मग?"

"गाडी मागे गेली वहिनी. उतारावरून, थेट ओढ्यात. सगळे दगड ढिगात. एकावर एक. आसा केझायाच्या अंगावर, फेरीवाला सगळ्यांच्या वर."

कुणी हसलं नाही. एरवी हसले असते.

"आणि वर उंचवटे नव्हते," ऑर्फा म्हणाली.

"काहीच नव्हतं. एक खूण नाही. बर्ल ओढ्याच्या काठावर बसला. मला वाटलं रडतोय. मग म्हणाला, ऑर्फा कसं सांगते ते मला पाठ आहे. आधी ते पोर, मग आसा, मग केझाया, मग फेरीवाला. तू दगड दे, मी नाव सांगतो." डॉईलनं बाहीनं नाक पुसलं. "तुझ्या गोष्टीच्या क्रमानं लावले आम्ही ते. सुतात. फार सुरेख लागले."

 तीस-बत्तीस वर्षं ऑर्फा आपल्याच गोष्टीच्या मागे चालत होती, आणि खाली कोण आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. प्रत्येक मे महिन्यात ती शेवटच्या दगडाशी थांबून 'ही माझी आई' म्हणत होती, आणि बर्ल मागे उभा राहून टोपी हातात घेऊन ऐकत होता. त्याच जागेशेजारी त्यानं जोडदगड उभा केला होता. स्वतःच्या हातानं.

"त्याला सांगायचं होतं," डॉईल म्हणाला. "दर वर्षी म्हणायचा, यंदा सांगतो. पण तू एवढी खूश."

"तो दगड माझ्या आईवर नाही."

"नाही वहिनी."

"मग आई कुठे आहे?"

 डॉईलची नजर गेली, आणि जिथे गेली तिथे सगळ्यांचीच गेली.

टेकडीवरच्या दुसऱ्या एका मोठ्या ओकखाली एक लांबलचक सिमेंटचं टेबल आहे. दगड दाटीनं रांगेत लावल्यावर अर्धी टेकडी मोकळी उरली होती. सपाट, सावलीची, हिरवीगार. तिथे वेंडेलच्या बापानं आणि इतर भावांनी जेवणासाठी टेबल ओतलं. बर्लनं विरोध केला होता, तो सगळ्यांना आठवत होता, कारण तो कधी कशालाच विरोध करायचा नाही. सावली चांगली नाही म्हणाला, मुंग्या आहेत म्हणाला. भावांनी त्याला हसण्यावारी नेलं. जावयाचं कोण ऐकतं?

आणि त्यानंतर बर्ल त्या टेबलाशी एकदाही जेवला नाही. ताट घेऊन आपल्या ट्रकच्या फळीवर बसायचा. ऑर्फा त्यावरून त्याला चारचौघांत टोमणे मारायची, "आमच्या डिलबेकांच्या पंगतीत बसायची लाज वाटते साहेबांना." तो कोंबडीची तंगडी चघळत मान हलवायचा.

नेल्डा तोंडावर हात ठेवून म्हणाली, "आई, माझ्या लग्नाचा केक आपण तिथे कापला."

*

अंत्यविधी दुसऱ्या दिवशी दुपारी होता. पाद्री सांगून झालेला, लोक निघालेले. वेंडेलनं भीत भीत विचारलं, "आत्या, बर्लमामाला कुठे खणू? मी कुठेही फावडं मारलं तरी कुणी ना कुणी..."

"बर्ल थांबेल," ऑर्फा म्हणाली. "त्याला एवढी वर्षं थांबता आलं. घरून कुदळी आण. सगळ्यांच्या."

लाईजच्या वर माती लोटली गेली. पाय त्याच्यापाशीच ठेवला. मग फोन फिरले, आणि तासाभरात कुदळी घेऊन माणसं यायला लागली. कुणी फ्युनरलचे कपडे इस्त्री करायचे टाकून, कुणी कोंबडी अर्धी तळून. तरण्याताठ्यांनी टेकडी तासलेली पाहिलीच नव्हती. त्यांना वाटायचं गवत आसाच्या काळापासूनच आहे. ऑर्फानं त्यांना कुदळ कशी धरायची दाखवलं. खणायचं नाही, खरवडायचं. डॉक्टरनं मना केलेलं वाकणं तिनं त्या दुपारी सगळं एकदम करून घेतलं.

 मधूनच एखाद्याच्या कुदळीखाली शिंपला लागायचा आणि सगळे तिकडे धावायचे. ऑर्फा गुडघ्यावर बसून बोटांनी माती काढायची.

"पालथा," म्हणायची, आणि उठायची.

पुन्हा हाक. पुन्हा पालथा. कोण होता ते कुणाला ठाऊक? केझाया असेल, फेरीवाला असेल. वेंडेलनं एकदा दगडाकडे बघून, "हा आसा असेल का?" विचारलं. डॉईल म्हणाला, "दगडांना काही विचारू नकोस रे बाबा. ते आमच्यासारखे आहेत, सरळ उभे आणि खोटे."

टेबलाच्या डोक्याकडे, जिथे दर मे महिन्यात पाई आणि केक मांडले जात, तिथे नेल्डाची कुदळ किरकिरली.  तिनं हात वर केला.

ऑर्फा आली. मातीत एक शिंपला होता, वाटीसारखा, आकाशाकडे तोंड करून, आत घट्ट माती भरलेली. तिनं ती माती अंगठ्यानं काढली. शेजारी दुसरा, तोही उताणा. तिसरा. ते ओळीनं टेबलाच्या सिमेंटी पायाखाली शिरत होते.

माणसांनी टोप्या काढल्या.  टेबलाच्या त्या पायाशी बसून सगळे दर वर्षी जेवले होते, त्यांनी उष्टी हाडं कुत्र्याला तिथेच टाकली होती, पोरांना तिथे खेळवलं होतं. आणि सगळ्यात जास्त आग्रह करकरून वाढलं होतं ऑर्फानं.

"घण आण," ती वेंडेलला म्हणाली.

"टेबल बाबांनी ओतलंय, आत्या."

"मग तुझ्या बापालाही बोलाव. तोच फोडेल."

वेंडेलचा बाप ऐंशीच्या घरातला. आला. घण धरवेना, म्हणून पहिला घाव त्यानं नुसता टेकवला आणि मग पोरांकडे दिला. सिमेंट चांगलं होतं, डिलबेकांनी कधी कंजुषी केलेली नाही. ऊन उतरेपर्यंत टेबलाचा डोक्याकडचा भाग पडला. तुकडे बाजूला केले, पाया उपसला. खाली बरेच शिंपले चिरडलेले, पण कडेचे शाबूत होते. ऑर्फानं ते एकेक काढले, ॲप्रनला पुसले आणि परत मांडले. कसे मांडले ते कुणी विचारलं नाही.

मग ती उठली, कंबरेवर हात ठेवला आणि सगळ्यांकडे पाठ करून म्हणाली, "वेंडेल. आईच्या डाव्या हाताला खण."

"तिथे कुणी असलं तर?"

"खरवडून बघितलंय मी. नाही कुणी. बर्ल तिथे."

डॉईलच्या जिवात जीव आला. त्याला वाटत होतं, आता भाऊ कुंपणाबाहेर जातो की काय. "आणि तू, वहिनी? त्याच्या पलीकडे?"

"मी आईच्या उजवीकडे."

"म्हणजे मधे आई?"

"मधे आई. त्याला मला काही सांगायचं असेल, तर आता तिच्यासमोर सांगू दे. तीस वर्षं जे जमलं नाही ते तिथे जमेल."

नेल्डानं हळूच विचारलं, "आणि तुमचा जोडदगड? त्याच्यावर तुझं नाव आहे, आई."

ऑर्फानं पहिल्यांदा लाईजच्या मातीकडे पाहिलं. गुंफलेल्या हातांखाली तिचं नाव, आणि शेजारी खाली तो लाकडी पायाचा ब्रह्मचारी. "राहू दे तिथेच," ती म्हणाली. "बिचाऱ्याला जन्मात कुणी हात दिला नाही."

आता मात्र कुणीतरी हसलं, आणि मग सगळे हसले, आणि नेल्डा हसता हसता जी रडायला लागली ती थांबेना.

दुसऱ्या दिवशी बर्ल उतरला, महालाच्या डाव्या हाताला, जावयाला शोभेल अशा मर्यादेनं थोडा खालच्या बाजूला. पाद्र्यानं प्रार्थना म्हटली. प्रार्थनेनंतर जेवण कुठे मांडायचं हा प्रश्न आला, कारण उरलेल्या अर्ध्या टेबलाकडे बघायचीही कुणाची छाती होत नव्हती. माणसं ताटं हातात धरून उभी.

ऑर्फानं ताट भरलं. कोंबडीची तंगडी, मक्याची भाकरी, रुबार्बची पाई. फाटकाजवळ बर्लचा ट्रक होता. तिनं त्याची मागची फळी खाली पाडली, वर चढून बसली, आणि डॉईलकडे बघून शेजारची जागा हातानं झटकली.

"बसा भाऊजी," ती म्हणाली. "आणि आता सगळं पहिल्यापासून सांगा. गाडी कुठून सुटली, कुठला दगड कुणावर पडला. एकही सोडू नका. मे महिन्यात मला सांगायचंय."